जुन्या स्टेशन वॅगनला मागचा एक्सल बदलताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं मुख्यतः अँबॅसिडरच्या वॅगन धरून लिहिली आहेत. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी भागात अजून ज्या थोड्या वॅगन चालू आहेत, त्यांत त्याच जास्त. पद्मिनी सफारी आणि टाटा इस्टेटसाठी शेवटाकडे वेगळं उत्तर आहे.

मागून हूं… असा आवाज येतो. एक्सलच बदलावा लागेल का?

बहुतेक वेळा नाही. आधी आवाज कधी येतो ते पाहा. निपाणी हायवेवर गाडी ५० ते ६० च्या वेगात ठेवा. वंटमुरीचा चढ चढताना, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय दाबलेला असताना, आवाज येतो आणि पाय सोडला की जातो, किंवा याच्या उलट होतं, तर दोष क्राउन-पिनियनच्या (एक्सलच्या मधल्या डिफरन्शियलमधल्या मोठ्या-छोट्या दातेरी चाकांच्या जोडीच्या) बसणीत आहे. पाय दाबला काय, सोडला काय, न्यूट्रल केलं काय, घरघर तीच राहते आणि फक्त वेगाबरोबर वाढते, तर चाकाचं बेअरिंग बघा. त्याच्याही आधी टायर बघा. झिजून पायऱ्या पडलेला टायर बेअरिंगसारखाच आवाज करतो. गाडी सुटताना एकदाच ‘खट्ट’ होत असेल तर बहुधा प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या लांब दांड्याचा) जॉइंट क्रॉस, म्हणजे टोकाचा फिरता सांधा, गेलेला असतो, नाहीतर डिफरन्शियलच्या आतले वॉशर झिजलेले असतात.

क्राउन-पिनियन खराब असली तरी अख्खा एक्सल उतरवायची गरज नाही. या गाड्यांचं हाउसिंग, म्हणजे एक्सलचं बाहेरचं कवच, बॅन्जो पद्धतीचं आहे. दोन्ही बाजूंचे एक्सल शाफ्ट बाहेर ओढले, प्रोपेलर शाफ्ट सोडला, की डिफरन्शियलचा पुढचा भाग गोल ओळीतले नट काढून तसाच पुढे निघतो. पाट्यांना (मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगना) हातही लागत नाही.

पूर्ण एक्सल बदलायची खरी कारणं तीन-चारच आहेत : हाउसिंग वाकलेलं, पाट्याच्या बैठकीजवळ तडा गेलेला, हबचं बेअरिंग बसतं ती जागा झिजलेली, किंवा गंजाने पत्रा खाल्लेला.

हाउसिंग वाकलं आहे हे घरी कसं कळेल?

मागची दोन्ही चाकं घोड्यांवर (गाडी टेकवायच्या स्टँडवर) उचला. दोन रिमच्या कडांमधलं अंतर पुढच्या बाजूने आणि मागच्या बाजूने, हबच्या उंचीवर मोजा. मग दोन्ही चाकं अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा आणि सरासरी काढा, म्हणजे रिमचा वाकडेपणा हिशोबातून जातो. मागच्या सलग एक्सलला पुढचं आणि मागचं माप सारखंच यायला हवं. २ ते ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर हाउसिंग वाकलेलं आहे. एकाच बाजूचा टायर आतून खाणं, त्याच बाजूचा एक्सल शाफ्ट पुन्हा पुन्हा तुटणं, सील बदलूनही तेल येत राहणं, या सगळ्याचं मूळ तिथेच असतं. वॅगनमध्ये हे जास्त दिसतं, कारण ओझं एक्सलच्या मागे, दाराजवळ टाकलं जातं.

भंगारातला एक्सल घेताना काय तपासायचं?

अँबॅसिडरचं उत्पादन २०१४ मध्ये उत्तरपाड्याला थांबलं, त्यामुळे मिळणारा माल वापरलेलाच असणार. कोल्हापूर, पुणे, मुंबईचं कुर्ला, नाहीतर कोलकात्याचा मल्लिक बाजार. लांबून मागवणार असाल तर पैसे पाठवण्याआधी मापं आणि दात मोजलेले फोटो मागवा.

समोर असेल तर या क्रमाने बघा. तळाचा ड्रेन नट काढून तेल पांढऱ्या फडक्यावर घ्या. चंदेरी पावडर थोडी चालते. बोटाला टोचेल असा तुकडा निघाला तर तो एक्सल तिथेच ठेवा. तेल दुधी असेल तर आत पाणी गेलेलं आहे. बेअरिंगांवर गंजाचे ठिपके असणारच, बेअरिंग बदलायच्या हिशोबाने भाव करा. मग पिनियनची फ्लँज (प्रोपेलर शाफ्ट जोडतात ती चकती) दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर ओढा. इथे ढिलाई शून्य हवी. फिरवण्याच्या दिशेने थोडीशी खेळ असते, ती वेगळी. ती कुठून येते हे पाहायचं असेल तर एक्सल शाफ्ट काढून त्याच्या टोकाच्या खाचा उजेडात धरा. खाचा सरळ असाव्यात. पीळ पडलेला शाफ्ट आज नाही तर चोर्ल्याच्या घाटात तुटतो.

पाट्याच्या बैठकीभोवतीचं ग्रीस आणि माती घासून काढल्याशिवाय पैसे देऊ नका. तडा नेमका तिथेच, वेल्डिंगच्या कडेला, केसासारखा असतो. तिथे ताजा काळा रंग मारलेला दिसला तर रंग खरवडून बघायला मागा. विक्रेता नाही म्हणाला तर उत्तर मिळालंच.

रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे किती फेरे) कसा मोजायचा?

डिफरन्शियल उघडं असेल तर क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात. ४१ आणि ९ म्हणजे ४.५५. बंद असेल तर एक बाजू घट्ट धरून ठेवा, दुसरी बाजू बरोबर २० फेरे फिरवा आणि पिनियनच्या फ्लँजला खडूची खूण करून तिचे फेरे मोजा. एक बाजू अडवलेली असल्यामुळे क्राउन १० फेरेच फिरते. पिनियनचे ४५ आणि वर अर्धा फेरा झाले तर रेशो ४.५५, ४३ झाले तर ४.३. दोनच फेरे फिरवून मोजलं तर ४.३ आणि ४.५५ मधला फरक डोळ्याला कळत नाही, म्हणून २०.

रेशो वेगळा निघाला तर?

गाडी चालेल, पण स्पीडोमीटर खोटं बोलेल, कारण त्याची केबल गिअरबॉक्सवरून निघते. ४.५५ च्या जागी ४.१ चा एक्सल घातला तर काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६६ च्या पुढे असेल. हायवेला इंजिन शांत वाटतं, लोक खूश होतात. पण चाकाला मिळणारी ओढ दहा टक्क्यांनी कमी होते, आणि भरलेल्या वॅगनला चोर्ला किंवा आंबोली चढताना एक गिअर खाली राहावं लागतं. घाट नेहमीचा असेल तर मूळ रेशोच ठेवा.

थ्री-क्वार्टर फ्लोटिंग आणि सेमी फ्लोटिंग हे एक्सलचे दोन प्रकार कसे ओळखायचे?

ड्रम काढा. एक्सल शाफ्टची चकती एका छोट्या स्क्रूने धरलेली दिसली, आणि ती काढल्यावर शाफ्ट हाताने बाहेर आला व मागे हब तसाच राहिला, तर थ्री-क्वार्टर. या प्रकारात हबच्या आतल्या मोठ्या नटाला जोर लावण्याआधी आटे नीट पाहा. या घराण्यातल्या हाउसिंगांना डाव्या बाजूला उलटे आटे असतात. ते न पाहता चार फुटी पाइप लावून नट सोडायला गेलेले लोक तो अधिक आवळतात आणि शेवटी हाउसिंगचं टोकच कापावं लागतं.

मध्यभागी एक नट, त्यात स्प्लिट पिन, आणि हब निमुळत्या शाफ्टवर चावीने बसलेला असेल तर सेमी फ्लोटिंग. याला जड पुलरच (हब ओढून काढायचं हत्यार) हवा. नट चार-पाच आटे तसाच ठेवून पुलर ताणा, म्हणजे हब सुटताना उडणार नाही. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारू नका. तो धक्का आतल्या बेअरिंगला बसतो. एका प्रकारचे शाफ्ट, हब किंवा ड्रम दुसऱ्या प्रकाराला लावता येत नाहीत, तेव्हा एक्सल घ्याल तो ड्रमपासून ड्रमपर्यंत पूर्ण घ्या.

जुना एक्सल सोडण्याआधी कोणती मापं घ्यायची?

सगळी. एकदा सुटलं की मूळ स्थिती परत मिळत नाही. गाडी चाकांवर, सपाट जागेत उभी असताना ही मापं वहीत लिहा :

– ड्रमच्या बाहेरच्या तोंडापासून तोंडापर्यंत रुंदी
– दोन पाट्यांच्या मधल्या रेषांमधलं अंतर
– सेंटर बोल्टचं (पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टचं) डोकं बसतं त्या भोकाचा व्यास
– पाट्याच्या पुढच्या डोळ्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर, दोन्ही बाजूंनी
– पिनियन फ्लँजच्या भोकांचं अंतर आणि फ्लँजच्या कडेचा व्यास
– पिनियन फ्लँजचा कोन
– चाकाच्या स्टडची संख्या, आटे आणि वर्तुळ

यातली पहिली दोन मापं जुळली नाहीत तर तो एक्सल तुमच्या गाडीचा नाही. बाकीचं जुळवता येतं.

बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, काम द्यायचं असेल तर मापं कागदावर, चित्र काढून, मिलिमीटरमध्ये द्या. लेथवाला मराठी बोलणारा असो की कन्नड, चित्रावरचा आकडा दोघांना सारखाच कळतो. ‘थोडं घट्ट ठेवा’ हे मात्र दोन्ही भाषांत गोंधळाचं आहे.

नवीन काय काय आणून ठेवायचं?

चार यू-बोल्ट (एक्सल पाट्यांना बांधणारे) आणि आठ सेल्फ-लॉकिंग नट, दोन सेंटर बोल्ट, दोन हब सील, एक पिनियन सील, हाउसिंगचं गॅस्केट, दोन्ही शॅकलचे (पाट्याचं मागचं टोक बॉडीला जोडणाऱ्या झुलत्या कड्यांचे) रबर बुश, पाट्याच्या पुढच्या डोळ्याचे बुश, मागचा ब्रेक होज, दोन व्हील सिलिंडर किंवा त्यांचे किट, ब्रेक शूचा एक संच, डॉट ३ ब्रेक ऑइल अर्धा लिटर आणि ईपी ९० गिअर ऑइल २ लिटर. जॉइंट क्रॉस आत्ताच बदला. हात तिथपर्यंत गेलाच आहे.

यू-बोल्ट जुने वापरू नका. आवळून ताणलेला बोल्ट पुन्हा तितका ताण धरत नाही. वॅगनच्या पाट्यांत बहुतेक वेळा एखादा जादा पाटा घातलेला असतो, म्हणून दुकानातून ‘अँबॅसिडरचे’ म्हणून आणलेले यू-बोल्ट आखूड पडतात. जादा पाटा ६ मिलिमीटरचा असेल तर बोल्टचा पाय तितकाच जास्त लांब हवा. नट पूर्ण आवळल्यावर दोन-तीन आटे बाहेर दिसले पाहिजेत.

मेट्रिक पाने चालतात का?

काही चालतात, काही नट खातात. या गाडीचे नट-बोल्ट इंचाचे आहेत. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तिथे १९ चा पाना बसतो. ९/१६ म्हणजे १४.२९, तिथे १४ चा बसतच नाही आणि १५ चा घसरतो. अर्धा इंच म्हणजे १२.७, तिथे १३ चा बसल्यासारखा वाटतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करून टाकतो. रिंग पान्यांचा इंचाचा एक संच घ्या. नवे बोल्टही यूएनएफ (इंचाच्या बारीक) आट्यांचेच आणा. मेट्रिक बोल्ट दोन आटे जातो, मग अडतो, आणि पाना लांब असेल तर तसाच आत जाऊन आटे कापतो.

उतरवायचा क्रम काय?

तीन माणसं हवीत, आणि पहिल्यांदा करत असाल तर दोन दिवस धरा. आदल्या संध्याकाळी सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा. गाडी उचलून घोड्या लावा त्या बॉडीखाली, पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या थोड्या पुढे, पेटीसारख्या मजबूत भागाला. एक्सलखाली नाही, तो तर निघणार आहे. या गाडीला वेगळी चासी नाही. खानापूर-कणकुंबीच्या पावसात वाढलेल्या गाडीचा हा भाग आतून कुजलेला असू शकतो. स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. आत गेला तर आधी पत्र्याचं काम, एक्सल नंतर.

हँडब्रेक सोडा. तेल काढा. गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून आणलेली असेल तर ते पूर्ण निघतं. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही फ्लँजवर पंचने एकेक खूण करा आणि बोल्ट काढा. शाफ्ट तारेने वर बांधा, लोंबकळत ठेवू नका. ब्रेकच्या बाबतीत आधी लोखंडी पाइपचा युनियन सोडा, मगच होजचा मागचा नट. होज धरून पिळला तर आतून फाटतो आणि बाहेरून दिसत नाही. पाइपच्या तोंडाला रबरी टोपी घाला. हँडब्रेकची केबल सोडा, शॉक अ‍ॅब्सॉर्बरची खालची टोकं सोडा.

आता ट्रॉली जॅक डिफरन्शियलखाली लावून वजन जेमतेम पेला. यू-बोल्ट काढा. एक्सल पाट्यांच्या वर बसलेला असतो, म्हणून तो सरळ खाली येत नाही. मागच्या शॅकलचे बोल्ट काढून पाट्यांची मागची टोकं जमिनीला टेकवा. मग दोघांनी ड्रम धरायचे, तिसऱ्याने जॅक. एक्सलचं नाक जड असतं, तो पुढे कलंडतो. बोटं तिथेच सापडतात.

यू-बोल्टचे नट हलतच नाहीत.

कापा. नाहीतरी ते टाकायचेच आहेत. ग्राइंडरने नट उभा कापा, पाट्याला ठिणगीसुद्धा लागू देऊ नका. गॅस कटर मात्र नको. पाटा एकदा तापून लाल झाला की त्याची कमान गेली, आणि काही महिन्यांत तो तिथेच तुटतो. पेट्रोलची टाकी मागेच असते हेही लक्षात ठेवा. ओली पोती टाकून झाका आणि पाण्याची बादली जवळ असू द्या.

नवा एक्सल बसवताना नेमकं कुठे चुकतं?

तीन जागी.

पहिली, सेंटर बोल्टचं डोकं. ते एक्सलच्या बैठकीतल्या भोकात पूर्ण शिरलं पाहिजे. एका बाजूला ते काठावर बसलं आणि यू-बोल्ट आवळले, की सगळं घट्ट वाटतं, पण एक्सल तिरका असतो. गाडी खेकड्यासारखी चालते. पुढच्या डोळ्यापासून एक्सलपर्यंतचं माप दोन्ही बाजूंनी पुन्हा घ्या. ३ मिलिमीटरच्या आत फरक चालतो.

दुसरी, बुशचे बोल्ट. शॅकल आणि डोळ्याचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळले तर रबर खाली लोंबलेल्या स्थितीत अडकतं. गाडी जमिनीवर आली की ते पिळलं जातं आणि पहिल्याच पावसाळ्यात फाटतं. हवेत असताना हाताने बसवा, चाकं जमिनीला टेकल्यावर आवळा.

तिसरी, यू-बोल्ट आवळण्याची पद्धत. एक नट पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जायचं नाही. चारही नट आडवे-तिडवे, थोडे थोडे, तीन-चार फेऱ्यांत. दर फेरीनंतर खालच्या पट्टीची चारही कोपऱ्यांतली फट बघा, ती सारखी कमी व्हायला हवी.

पिनियनचा कोन म्हणजे काय, आणि तो इतका महत्त्वाचा का?

जॉइंट क्रॉस कोनात फिरतो तेव्हा त्याच्या पलीकडचा शाफ्ट फिरण्यात एका फेऱ्यात दोनदा जलद-हळू होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तर हा फरक पुसला जातो. नसेल तर ५० च्या आसपास सीटखाली थरथर सुरू होते. लोक मग टायर बॅलन्स करत बसतात.

मोबाइलमधलं कोन मोजायचं ॲप पुरेसं आहे. गाडी चाकांवर असताना फोन आधी गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजला आणि मग पिनियनच्या फ्लँजला उभा टेकवा. दोन्ही फ्लँज एकमेकांना समांतर हव्यात, फरक १ अंशाच्या आत. जास्त आला तर पाटा आणि बैठक यांच्यामध्ये पाचरीच्या आकाराची लोखंडी पट्टी घालतात. ती लेथवर करून घ्या. अ‍ॅल्युमिनियमची नको, ती दाबली जाते आणि यू-बोल्ट ढिले पडतात. प्रोपेलर शाफ्टची सरकती बाजू काढली असेल तर दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत आहेत ना, तेही बघा.

वॅगनसाठी एक जादा तपासणी. मागच्या फळीवर साखरेची ५० किलोची तीन पोती ठेवा आणि कोन पुन्हा मोजा. मग एक्सल आणि वरच्या रबरी स्टॉपमधली फट बघा. हाताचा पंजा आडवा जात नसेल तर पाटे बसलेले आहेत. नव्या एक्सलखाली ते तसेच ठेवले तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात हाउसिंगवर धक्का बसणार.

तेल कोणतं आणि किती?

हायपॉइड क्राउन-पिनियनसाठी जीएल-५ दर्जाचं ईपी ९०. गाडी सपाट जागेत ठेवून भरण्याच्या भोकातून तेल बाहेर येईपर्यंत भरा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा बघा. त्याच्यावर भरू नका. जादा तेल हबच्या सीलमधून ब्रेक शूवर येतं. तेल लागलेले शू पेट्रोलने धुऊन किंवा दिव्यावर भाजून परत लावायची पद्धत सगळीकडे आहे. त्यातून तेल पुन्हा झिरपतंच. नवे घाला. जुन्या शूची धूळ हवेने उडवू नका, पाण्याने धुवा. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं.

हाउसिंगच्या वर एक छोटा ब्रीदर (हवा सुटायची वाट) असतो. तो मातीने बुजला की तापलेली हवा सीलमधून वाट काढते आणि माणूस सील बदलत राहतो. पावसाळ्याआधी आणि नंतर तो तारेने साफ करा.

ब्रेकची हवा कुठल्या चाकापासून काढायची?

मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी : मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, पुढचं उजवं. त्याआधी शूची खेळ जुळवून घ्या, नाहीतर हवा नसतानाही पेडल खाली जातं. हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी.

जीप किंवा कॉन्टेसाचा एक्सल बसेल का?

कॉन्टेसाचा मागचा एक्सल कॉइल स्प्रिंगवर आहे, त्याला पाट्यांच्या बैठकाच नाहीत. जीपच्या एक्सलला बैठका आहेत, पण जागा, रुंदी आणि रेशो सगळं वेगळं. बैठका कापून नव्याने वेल्ड करता येतात. एका जागी सलग वेल्ड केलं तर नळी त्या बाजूला ओढली जाते, म्हणून एकेक इंचाचे टाके आलटून पालटून, मध्ये थंड होऊ देत, आणि नंतर हाउसिंग लेथवर फिरवून तपासायचं. इतका खर्च करण्यापेक्षा मूळ एक्सल शोधायला आणखी दोन महिने घालवणं स्वस्त पडतं, असं आमचं मत.

आरटीओत नोंद करावी लागते का?

त्याच मॉडेलचा तसाच एक्सल म्हणजे दुरुस्ती. आरसीवर चासी आणि इंजिन नंबर असतो, एक्सलचा नाही. वेगळ्या गाडीचा एक्सल, वेगळी रुंदी, वेगळी चाकं असं केलं तर तो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खालचा बदल होतो. गाडी बेळगावची केए-२२ असो, चिकोडीची केए-२३ असो, १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरणाला गाडी दाखवावी लागते, तेव्हा प्रश्न येतो. कोल्हापूरहून अख्खी एमएच-०९ गाडी भंगारात घेऊन एक्सल काढणार असाल तर तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद विक्रेत्याकडून घ्या. एक्सलच्या बिलावर तो कोणत्या गाडीचा ते लिहून घ्या.

पद्मिनी सफारी किंवा टाटा इस्टेटला हेच लागू होतं का?

मापं, कोन, रेशो, तेल यांची रीत तीच. पाने मात्र मेट्रिक लागतात. फियाट घराण्याच्या सफारीत पाट्यांबरोबर मागे आडवा स्टॅबिलायझर बारही आहे, तो आधी सोडा. तिच्या चाकाचं बेअरिंग एक्सल शाफ्टवरच दाबून बसवलेलं असतं, म्हणून बेअरिंग बदलायला शाफ्ट हायड्रॉलिक प्रेसवर न्यावा लागतो. १९९२ ची टाटा इस्टेट डिझेल आणि वजनाने जड आहे. तिच्यासाठी जॅक आणि घोड्या मोठ्या घ्या.

काम झाल्यावर किती दिवसांनी पुन्हा बघायचं?

१०० किलोमीटरवर यू-बोल्ट आणि प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट आवळा, ५०० वर पुन्हा. पहिल्या १०० मध्ये यू-बोल्ट पाव फेरा घेतातच, पाट्यांमधला रंग आणि गंज दबतो म्हणून. ५०० लाही घेत असतील तर सेंटर बोल्ट नीट बसला नाही असं समजून उघडा. क्राउन-पिनियन नवी घातली असेल तर पहिले ५०० किलोमीटर ओझं नको, आणि १,००० ला तेल बदला. प्रत्येक फेरीनंतर हात हाउसिंगला लावून बघा. कोमट असावं. हात ठेववत नसेल तर पिनियनचं बेअरिंग जास्त आवळलेलं आहे, गाडी पुढे नेऊ नका.